कांद्याच्या मुळातली गुणसूत्रं: स्लाइड बनवण्यापासून अवस्था ओळखण्यापर्यंत

पुस्तकातल्या आकृतीत पेशी चौकोनी असते आणि तिच्यात चारच गुणसूत्रं असतात, लाल-निळी, मधोमध रांगेत उभी. कांद्याच्या मुळाच्या स्लाइडवर गुणसूत्रं सोळा असतात, सगळी एकाच तांबूस रंगाची, एकमेकांवर पडलेली, आणि निम्म्या वेळा पेशीच तिरकी बसलेली असते. त्यामुळे आकृती पाठ असलेला विद्यार्थीही पहिल्यांदा आयपीसमधून बघतो तेव्हा गोंधळतो. हा लेख अकरावी-बारावीच्या आणि बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि घरी मायक्रोस्कोप बाळगणाऱ्या हौशी लोकांसाठीही.

आधी शब्दांचं बघू. दहावीपर्यंत तुम्ही पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था म्हणत होता. कॉलेजात त्याच अवस्थांना प्रोफेज, मेटाफेज, अॅनाफेज, टेलोफेज म्हणतात. सूत्री विभाजन म्हणजे मायटॉसिस, अर्धगुणसूत्र म्हणजे क्रोमॅटिड आणि गुणसूत्रबिंदू म्हणजे सेंट्रोमिअर. प्रयोगशाळेत जे बोललं जातं तेच पुढे वापरलं आहे.

काय काय लागेल

लहान कांदे चार-पाच (एखादा दगा देतोच), तोंडाशी कांदा अडकेल अशा बाटल्या, नवं ब्लेड, टोकदार चिमटा, दोन सुया, वॉच ग्लास, स्पिरिटचा दिवा, स्लाइड, कव्हरस्लिप, टिपकागद आणि नेलपॉलिश. रसायनांमध्ये ग्लेशियल अॅसिटिक आम्ल, इथाइल अल्कोहोल, १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि अॅसिटोकार्मिन किंवा अॅसिटो-ऑर्सिन यांपैकी एक रंग. मायक्रोस्कोपला १० आणि ४० किंवा ४५ एक्सचं ऑब्जेक्टिव्ह असलं की पुरे. ऑइल इमर्शन असेल तर गुणसूत्रं मोजायला उपयोगी पडतं, पण त्यावाचून काही अडत नाही.

१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लासाठी सुमारे ८.५ मिलिलिटर तीव्र आम्ल पाण्यात ओतून एकूण १०० मिलिलिटर करा. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. अॅसिटिक आम्लाची बाटली उघडाल तेव्हा खिडकीही उघडी ठेवा.

१. कांदा निवडा, मुळं काढा

बिघडलेल्या स्लाइडपैकी बहुतेक इथेच बिघडलेल्या असतात, आणि दोष मात्र रंगाला दिला जातो.

नुकताच काढलेला कांदा सुप्तावस्थेत असतो आणि मुळं धरायला वेळ लावतो. चाळीत काही महिने राहिलेला उन्हाळी कांदा चांगला. आकार लिंबाएवढा किंवा त्याहून लहान, तळ टणक, बुरशी अजिबात नको. बाजारातल्या काही कांद्यांवर कोंब येऊ नयेत म्हणून गॅमा किरणांची प्रक्रिया केलेली असते. नाशिक जिल्ह्यात लासलगावला त्यासाठीचं केंद्रच आहे. कोंबाच्या टोकाशी चाललेलं पेशीविभाजन थांबवणं हाच त्या प्रक्रियेचा हेतू असतो. म्हणजे आपल्याला जे बघायचंय नेमकं तेच तिथे बंद पाडलेलं असतं, त्यामुळे अशा कांद्याच्या मुळांचा भरवसा धरू नका. शंका असेल तर थेट शेतकऱ्याकडून कांदा घ्या, नाहीतर लसणाच्या पाकळ्या वापरा. लसणातही गुणसूत्रं सोळाच, आणि मुळं लवकर येतात.

तळाची वाळलेली जुनी मुळं ब्लेडने खरवडून काढा. खोल जाऊ नका, कारण तळाच्या चकतीच्या कडेला नव्या मुळांचे बारीक फुगवटे असतात आणि ते कापले गेले तर कांदा आठवडाभर तसाच बसून राहतो. मग कांदा बाटलीच्या तोंडावर असा ठेवा की तळ पाण्याला जेमतेम टेकेल. बुडवला तर कुजतो. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडू द्या आणि मग वापरा. पाणी रोज बदला. बाटल्या सावलीत ठेवा.

साधारण दोन ते चार दिवसांत मुळं १ ते २ सेंटिमीटर होतात, आणि तीच वेळ. मूळ पांढरंशुभ्र, टोक किंचित पिवळसर आणि भरीव दिसलं पाहिजे. टोक तपकिरी, पारदर्शक किंवा मऊ पडलं असेल तर ते मूळ सोडून द्या. बोटभर लांब मुळांची वाट बघण्यातही अर्थ नाही.

२. वेळ साधून फिक्स करा

फिक्सेटिव्ह म्हणजे १ भाग ग्लेशियल अॅसिटिक आम्ल आणि ३ भाग अल्कोहोल. ते त्याच दिवशी बनवा. राहिलं की दोघांची आपसांत क्रिया होऊन एस्टर तयार होतं आणि द्रावणाचा जोर जातो. अल्कोहोल पेशी आक्रसवतं, अॅसिटिक आम्ल फुगवतं, आणि या दोघांच्या ओढाताणीत गुणसूत्रं आहेत त्या जागी, आहेत त्या आकारात थिजतात. मुळांच्या आकारमानाच्या निदान दहापट फिक्सेटिव्ह घ्या.

जास्तीत जास्त पेशी विभाजनात सापडाव्यात म्हणून बहुतेक प्रयोगशाळांत सकाळी ८ ते १० ही वेळ पाळतात. कांद्यागणिक आणि तापमानागणिक ती सरकते, म्हणून पहिल्यांदा करताना दोन-तीन वेगवेगळ्या वेळांना मुळं फिक्स करून बाटल्यांवर वेळ लिहून ठेवा. पेन्सिलनेच लिहा, शाई अल्कोहोलने पुसली जाते. २४ तासांनी मुळं ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढून फ्रिजमध्ये ठेवली की कित्येक आठवडे वापरता येतात.

आधी कोल्चिसिन द्यायचं का? तुम्हाला काय बघायचंय त्यावर ते ठरतं. कोल्चिसिन तर्कुतंतू (गुणसूत्रांना धरून ओढणारे तंतू) बनूच देत नाही, त्यामुळे पेशी मेटाफेजमध्ये अडकून पडतात आणि गुणसूत्रं आखूड, सुटी, मोजायला सोपी होतात. पण अॅनाफेज आणि टेलोफेज जवळजवळ दिसेनाशा होतात. चारही अवस्था हव्या असतील तर कोणतीही पूर्वप्रक्रिया नको. ‘स्लाइडवर अॅनाफेज सापडतच नाही’ या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं: आधीच्या बॅचने मोजणीसाठी बनवलेली मुळं तक्रार करणाऱ्यांनी अवस्था ओळखायला घेतलेली असतात.

मोजणीच करायची असेल तर ०.०५ टक्के कोल्चिसिनमध्ये जिवंत मुळं तीन-चार तास ठेवतात. हे जहाल विष आहे. आपल्याकडच्या कळलावीच्या कंदातही ते असतं आणि कंद खाल्ल्याने माणसं दगावतात. घरी करणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. बर्फ घातलेल्या पाण्यात मुळं २४ तास ठेवली तरी थंडीने तर्कुतंतू विरघळतात आणि काम भागतं.

३. मऊ करा, रंगवा

पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. हा सांधा सोडवला नाही तर मूळ कितीही दाबलं तरी पेशींचा एक थर होत नाही, ढीगच राहतो.

वॉटर बाथ असेल तर मुळं पाण्यात धुऊन ६० अंश सेल्सिअसला १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ८ ते १० मिनिटं ठेवा, पुन्हा धुवा आणि वॉच ग्लासमधल्या रंगात टाका. वॉटर बाथ नसेल तर एकाच दमात करायची पद्धत अशी: वॉच ग्लासमध्ये रंगाचे ९ थेंब आणि आम्लाचा १ थेंब घेऊन त्यात मुळं टाका. दिव्याच्या ज्योतीवरून काही सेकंद फिरवा, बाजूला घ्या, पुन्हा फिरवा, असं पाच-सहा वेळा. वाफ दिसली की उचला. उकळी फुटली तर गुणसूत्रं फुगून विस्कटतात. नंतर झाकून अर्धा तास ठेवा. अल्कोहोलची आणि फिक्सेटिव्हची बाटली मात्र दिव्यापासून लांब.

अॅसिटोकार्मिन फिकं चढत असेल तर जुनी युक्ती म्हणजे गंजलेली लोखंडी सुई. मूळ त्याच सुईने रंगात दोन-चारदा हलवलं की थोडं लोह द्रावणात उतरतं आणि कार्मिन गुणसूत्रांना पक्कं धरतं. कपडा रंगवताना तुरटी जे काम करते तेच इथे लोह करतं. रंग तांबड्याकडून जांभळटाकडे झुकला की थांबा. लोह जास्त झालं तर कार्मिनचा साका बसतो आणि स्लाइडभर काळे ठिपके दिसतात. नवखे लोक त्या ठिपक्यांना गुणसूत्रं समजतात. ठिपका पेशीच्या बाहेरही दिसला तर तो साका. अॅसिटो-ऑर्सिनला मात्र लोखंडाची गरज नाही.

४. टोक कापा आणि दाबा

रंगवलेल्या मुळाचं टोकाकडचं १ ते २ मिलिमीटर बाकीच्यापेक्षा गडद दिसतं. तिथे पेशी लहान, गच्च आणि केंद्रकाने भरलेल्या असतात, म्हणून रंग जास्त धरतात. विभाजन चालतं ते इथेच, मूलटोपीच्या लगेच मागे. तेवढंच कापून ठेवा, उरलेलं मूळ स्लाइडवरून काढून टाका. हे सांगायला क्षुल्लक वाटतं, पण घाईत टोक फेकून दांडा ठेवला जातो, आणि मग लांबट पेशींची इंटरफेज, म्हणजे विभाजन चालू नसतानाची अवस्था, बघत तास संपतो.

टोकावर ४५ टक्के अॅसिटिक आम्लाचा एक थेंब टाका. सुईने टोक दोन-तीन तुकड्यांत मोडा. हवेचा बुडबुडा न अडकवता कव्हरस्लिप ठेवा आणि काडेपेटीच्या काडीच्या मागच्या बाजूने हलकेच ठोका. तुकडा पसरून ढगासारखा फिका झाला पाहिजे. मग स्लाइड टेबलावर सपाट ठेवून वर टिपकागदाची घडी, आणि अंगठ्याने सरळ खाली दाब. कव्हरस्लिप बाजूला सरकली तर पेशी वळ्यांसारख्या गुंडाळल्या जातात आणि ती स्लाइड गेली म्हणून समजा. यासाठी टिपकागद दुसऱ्या हाताने धरून ठेवा.

कडांना नेलपॉलिश लावलं की स्लाइड काही दिवस टिकते.

५. अवस्था ओळखा

१० एक्सवर आधी लहान, चौकोनी, गडद केंद्रकांच्या पेशींचा घोळका शोधा. लांबट पेशींच्या भागात वेळ घालवू नका. घोळका सापडला की ४० एक्स लावा.

इंटरफेज: केंद्रक गोल, रंग सारखा पसरलेला, आत केंद्रिकेचा (न्यूक्लिओलसचा) फिका डाग. बहुतांश पेशी अशाच असतील, त्याने नाउमेद होऊ नका. याच काळात डीएनए दुप्पट होतो, फक्त डोळ्यांना त्याचा पत्ता लागत नाही.

प्रोफेज: केंद्रक थोडं मोठं आणि आत लोकरीच्या गुंड्यासारखे धागे. सुरुवातीचं प्रोफेज आणि इंटरफेज यांच्यातली रेघ खरोखरच पुसट आहे. नियम ठरवून घ्या: धागा थोड्या अंतरापर्यंत वेगळा ओळखता आला तर प्रोफेज, नुसता खरखरीतपणा असेल तर इंटरफेज. एका स्लाइडवर एकच नियम पाळला की मोजणी बिघडत नाही. प्रोफेज पुढे सरकतं तसे धागे आखूड आणि जाड होतात आणि केंद्रिका नाहीशी होते. प्रत्येक धाग्यात दोन क्रोमॅटिड असतात, कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्यांनी बांधलेले.

मेटाफेज: केंद्रकपटल विरलेलं असतं. तर्कुतंतू गुणसूत्रांना दोन्ही बाजूंनी धरतात आणि सेंट्रोमिअर मध्य प्रतलावर येतात. इथे जपून. मध्यावर रांगेत येतात ते सेंट्रोमिअर. भुजा कुठेही लोंबत असतात, म्हणून पट्ट्याच्या दोन्ही कडांना केसांच्या बटांसारखी टोकं दिसतात. हीच पेशी ध्रुवाकडून दिसली तर पट्ट्याऐवजी गजऱ्यासारखं कडं दिसतं. हे आकृतीत नसतं, म्हणून लोक त्याला उशिराचं प्रोफेज म्हणून मोकळे होतात.

एक जरी गुणसूत्र दोन्हीकडून नीट धरलं जायचं राहिलं असेल तोवर पेशी पुढे जात नाही. कोल्चिसिन दिलेल्या पेशी मेटाफेजमध्ये का तुंबतात त्याचं उत्तर हेच: तंतूच नाहीत, तर सगळं धरून झाल्याचा इशारा येणार कुठून?

अॅनाफेज: सेपरेज नावाचं विकर कोहेसिनची कडी कापतं आणि क्रोमॅटिड सुटतात. सेंट्रोमिअर पुढे, भुजा मागे फरफटत. कांद्याच्या बहुतेक गुणसूत्रांचा सेंट्रोमिअर मधोमध किंवा मधल्या भागात असल्याने इंग्रजी ‘व्ही’ किंवा ‘जे’सारखे आकार दिसतात. ‘व्ही’चे कोन, म्हणजे सेंट्रोमिअर, ध्रुवाकडे आणि भुजा मध्याकडे असतील तर अॅनाफेज नक्की. तिरक्या पेशीत दोन्ही गट एकावर एक येऊन एकच जाड पट्टा दिसतो. बारीक फोकसचं चाक थोडं पुढेमागे फिरवा. दोन थर वेगवेगळ्या खोलीवर स्पष्ट झाले तर अॅनाफेज, नाहीतर मेटाफेज.

टेलोफेज: दोन टोकांना दोन गडद, चपटे पुंजके, आणि मधे पेशीपटलाची बारीक रेघ. वनस्पतींत हे पटल मधून कडांकडे वाढतं, प्राणिपेशीत मात्र खाच बाहेरून आत येते. आतापर्यंतच्या सगळ्या अवस्थांपैकी यातच सर्वांत जास्त चुका होतात, कारण शेजारी-शेजारी असलेल्या दोन साध्या पेशीही जोडीदार वाटतात. टेलोफेजमधली केंद्रकं इंटरफेजपेक्षा लहान आणि गडद असतात आणि एकमेकांकडे सपाट बाजू करून असतात. गोल आणि फिकी असतील तर त्या दोन वेगळ्या पेशी.

जर्नलमध्ये काढताना आणखी एक गोष्ट. कांद्याच्या पेशीत तारककेंद्र (सेंट्रिओल) नसतं. पुस्तकातल्या प्राणिपेशीवरून उतरवलेली तारककेंद्रं कांद्याच्या आकृतीत सापडली की परीक्षकाला कळतं, विद्यार्थ्याने आयपीसमध्ये डोकावलेलंच नाही.

६. संख्या मोजताना

सेंट्रोमिअर मोजा, भुजा नाही. हा एक नियम पाळला की पुढचा सगळा हिशोब जुळतो:

डीएनए दुप्पट होण्याआधी १६ गुणसूत्रं, १६ डीएनए रेणू.
प्रोफेज आणि मेटाफेजमध्ये १६ गुणसूत्रं, ३२ क्रोमॅटिड, ३२ रेणू.
अॅनाफेजमध्ये पूर्ण पेशीत ३२ गुणसूत्रं, प्रत्येक ध्रुवाकडे १६.
दोन्ही नव्या पेशींत १६ आणि १६.

‘अॅनाफेजमध्ये किती?’ हा तोंडी परीक्षेतला आवडता प्रश्न आहे आणि १६ हे उत्तर अर्धवट आहे.

प्रत्यक्ष मोजताना एका पेशीवर थांबू नका. दाबताना शेजारच्या पेशीतलं एखादं गुणसूत्र आत येतं किंवा आपलं बाहेर जातं, त्यामुळे १५ किंवा १७ येणं नेहमीचंच. निदान दहा चांगल्या मेटाफेज मोजा आणि जो आकडा पुन्हा पुन्हा येतो तो धरा. माणसाच्या गुणसूत्रांची संख्या १९२०च्या दशकापासून ४८ मानली जात होती. ती ४६ असल्याचं जो हिन त्जियो आणि अल्बर्ट लेव्हान यांनी १९५६ साली दाखवलं. पेशी फुगवणं, कोल्चिसिन आणि चेपणं या युक्त्यांनी गुणसूत्रं सुटी झाली, तेव्हा ती मोजता आली. यातला लेव्हान १९३८ पासून कांद्याच्या मुळांवर कोल्चिसिनचा परिणाम अभ्यासत होता.

विभाजनाचं प्रमाण काढायचं असेल तर वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या मिळून निदान पाचशे पेशी मोजा. विभाजन होणाऱ्या पेशी भागिले एकूण पेशी, गुणिले शंभर, म्हणजे मायटॉटिक इंडेक्स. अवस्थांची वेगळी नोंद ठेवलीत तर प्रोफेज सर्वांत जास्त आणि अॅनाफेज कमी असं दिसेल. फिक्सेटिव्हमध्ये पडल्याच्या क्षणी जी पेशी जिथे होती तिथेच थिजली, म्हणून जी अवस्था जास्त वेळ चालते ती जास्त सापडते. समजा १०० विभाजित पेशींत ६० प्रोफेज आणि ८ अॅनाफेज आढळल्या, तर विभाजनाच्या एकूण वेळापैकी साधारण त्याच प्रमाणात वेळ त्या-त्या अवस्थेला लागतो. मुळं पूर्वप्रक्रियेविना असतील तरच हा हिशोब चालतो.

७. विचित्र काही दिसलं तर

अॅनाफेजच्या दोन गटांमधे ताणलेला धागा म्हणजे पूल, बहुधा गुणसूत्र तुटून चुकीचं जोडलं गेल्याची खूण. मध्यावर एकटंच मागे राहिलेलं गुणसूत्र म्हणजे त्याला तंतूंनी नीट धरलं नव्हतं. ते नव्या केंद्रकात शिरलं नाही तर शेजारी छोटं सूक्ष्मकेंद्रक दिसतं. एखाद-दुसरं असणं साहजिक आहे. खूप दिसले तर कांदा ठेवलेलं पाणी तपासा. सांडपाणी किंवा कीटकनाशकं गुणसूत्रांना किती घातक आहेत हे कांद्याच्या मुळांवर याच खुणा मोजून तपासतात. तशी चाचणी करायची असेल तर साध्या पाण्यातली मुळं तुलनेसाठी शेजारीच हवीत, नाहीतर आकड्यांना काही अर्थ राहत नाही.

८. मिओसिस बघायचं असेल तर

मिओसिस म्हणजे अर्धगुणसूत्री विभाजन. कांद्याच्या मुळांमध्ये ते मिळणार नाही, फुलाच्या कळीत बघावं लागतं. बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याला डेंगळे (फुलांचे दांडे) येतात तेव्हा ज्या गेंदाचा, म्हणजे दांड्याच्या टोकावरच्या कळ्यांच्या गुच्छाचा, पापुद्रा नुकताच फुटू लागलाय तो सकाळी तोडून त्याच १:३ फिक्सेटिव्हमध्ये टाका. एका गेंदात सगळ्या वयाच्या कळ्या असतात, म्हणून लहानीपासून मोठीपर्यंत क्रमाने तपासत जा. प्रत्येक फुलात सहा परागकोश. त्यातला एक काढून अॅसिटोकार्मिनमध्ये फोडा, भिंतीचे तुकडे चिमट्याने काढून टाका आणि दाबा. इथे हायड्रोक्लोरिक आम्ल लागत नाही. परागकोश पिवळा पडला असेल तर परागकण तयार झाले आहेत, त्याहून लहान कळी घ्या.

पहिल्या मेटाफेजमध्ये सोळा सुट्या गुणसूत्रांऐवजी आठ जोड्या दिसल्या पाहिजेत. पहिल्या अॅनाफेजमध्ये प्रत्येक ध्रुवाकडे आठ गुणसूत्रं जातात, पण प्रत्येकाचे दोन्ही क्रोमॅटिड सेंट्रोमिअरशी अजून बांधलेलेच असतात, म्हणून भुजा चौघी फाकलेल्या दिसतात. मायटॉसिसच्या अॅनाफेजमध्ये दोनच भुजा असतात. एका परागकोशातल्या पेशी साधारण एकाच अवस्थेत असतात, तेव्हा पहिल्या स्लाइडवर हवी ती अवस्था नसेल तर त्याच कळीचे उरलेले पाच परागकोश फोडू नका, शेजारची कळी घ्या.